शीतकुंडल

प्रयोगशाळेतला धावपट्टा थांबला तेव्हा शर्वरी घामाने निथळत होती आणि समोरच्या तक्त्यावरची मुंगीएवढी शेवटची ओळ गाणं म्हटल्यासारखी वाचत होती.

"महिन्यापूर्वी एवढं पळल्यावर तुला तक्ताच दिसत नव्हता," डॉ. हबीबा इनामदार म्हणाल्या.

मल्टिपल स्क्लेरोसिसने शर्वरीच्या डोळ्यांच्या नसांवरचं वेष्टन जागोजागी झिजवलं होतं. अशा उघड्या नसेला अर्ध्या अंशाची उष्णताही सोसत नाही. अंग तापलं की संदेश वाटेतच विरतो, जग धुरकटतं. अंग निवलं की जग परत येतं. शर्वरी स्वतः उष्णता-अभियंता. त्या नसांभोवती बसून त्यांना गार ठेवणारी केसाएवढी कडी तिनेच घडवली, स्वतःला बसवून घेतली आणि तिला नाव दिलं शीतकुंडल.

"कुंडल उष्णता गिळत तर नाही. मग टाकतं कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मानेत. तिथे रक्त भरपूर, वाहून नेतं."

"मानेतल्या मज्जारज्जूवर तुझ्या याच आजाराचा जुना डाग आहे. हातांच्या नसा तिथूनच उतरतात."

"तो निजलाय हो डॉक्टर. इतक्या वर्षांत कूससुद्धा बदलली नाही त्याने. आता पळाले, झालं काही?"

"पळताना हात नुसते कठड्यावर होते, त्यांचा कस लागलाच नाही. हातांची चाचणी होईपर्यंत थांब."

"मंगळवारी धाकटीची, रेणूची मंगळागौर आहे. लहानपणापासून फुगडी घालतोय आम्ही. आजार आल्यापासून चार गिरक्यांत तिचा चेहरा दुधात विरघळतो, मग मी थांबते. एकदा तरी पुरता बघू द्या."

चाचणीची वाट न बघता मंगळवारी दोघींनी हात गुंफले.

"ताई, म्हातारी झालीस. झेपेल ना?"

"तू आधी तुझा शालू सावर."

गिरकी वाढली. गाणाऱ्या बायका, भिंती, दिवे, सगळं वाहू लागलं. मधोमध रेणू तेवढी स्थिर. नथीतला मोती, ओठांवरचा घाम, हसताना किंचित मिटणारा डावा डोळा. शर्वरीला रडू आलं.

"दमलीस का?" रेणूने विचारलं.

"नाही गं. आणखी."

मग रेणूचं हसू विझलं. का, ते शर्वरीला कळेना. तिने खाली पाहिलं. तिचीच बोटं उघडली होती आणि ती तिला जाणवतच नव्हती.

रेणूची पाठ खांबावर आदळली.

इस्पितळात रेणू छताकडे बघत होती. ती म्हणाली, "पूर्वी डोळे धुरकटले की तू थांबायचीस, ताई."

"हो."

"म्हणून कधी पडले नाही मी."

पांघरुणाबाहेरचे रेणूचे न हलणारे पाय शर्वरीला अगदी स्वच्छ दिसत होते.