पिवळी ओळ

झुंबर सोनवणे म्हणजे सिडकोतला नंबर एकचा खोडकर. वय बावन्न, पोट सुटलेलं, पण शेजाऱ्यांच्या चपला अदलाबदल करताना हात अजून पोरासारखे चालायचे. त्याला पुरून उरणारं माणूस अख्ख्या नाशकात एकच, त्याची बायको उज्वला.

घराचा सगळा हिशेब ती कॉम्प्युटरवर ठेवायची. दोडक्यापासून गॅसपर्यंत एक नोंद चुकायची नाही. झुंबरला त्याचं लय कौतुक. म्हणूनच तर तो किराण्याच्या पानावर 'दोडकी' पुसून 'हत्ती' लिहायचा, आणि ती यायच्या आत 'बदल टाका' दाबून पहिलं 'दोडकी' परत आणून साळसूद बसायचा.

दुसऱ्या पानावरची एक ओळ मात्र कायम पिवळी. पिवळी म्हणजे बदललेली, पण न नोंदवलेली. ती तशीच राहावी म्हणून उज्वलानं वर्षभर कॉम्प्युटर बंद केला नव्हता. लाईट गेली की पिठाच्या हातानं आधी इन्व्हर्टरकडे पळायची.

"त्या ओळीला हात लावायचा नाही," असं तिनं बजावलेलं.

झुंबरला बजावणं म्हणजे आमंत्रणच. रविवारी सकाळी ती चहा टाकायला गेली आणि हा खुर्चीत.

ओळ मागच्या श्रावणातली. 'अमरधाम, लाकडं.' पुढे नावाचा रकाना कोरा. त्यानं खालच्या ओळीवर क्लिक केलं, तशी चौकट उघडली:

'या ओळीतलं "झुंबर" हे नाव पुसलं आहे. नोंदवा? बदल टाका? रद्द?'

झुंबर खदखदून हसला. वा रे बाई! नवऱ्याच्या सरणाची नोंद रचली आणि वर्षभर चेहऱ्यावर रेषा नाही! ही तर आपली गुरू निघाली.

त्यानं बाण 'बदल टाका'वर नेला. नुसता नेला.

ओल्या लाकडांच्या धुराचा वास आला. तोंडात काहीतरी लागलं. त्यानं जीभ फिरवली.

तुळशीचं पान.

"अहो, हात काढा." उज्वला दारात उभी होती.

"वास कसा आणलास गं? आणि हे पान?"

"रद्द दाबा. फक्त रद्द. पाया पडते तुमच्या."

त्यानं दाबलं. धूर गेला. तोंड कोरडं पडलं.

"मानलं तुला! मग नोंदवून टाक की एकदाची."

"नाही नोंदवता येत. तुमचं नाव काढलं की दुसरं मागतंय."

"कोणाचं?"

"घरातलं."

"वहिनी, चहा ठेवा!" खालून हाक आली. झुंबरचा धाकटा भाऊ महेश, ओझरच्या कारखान्यातली नाईट करून जिना चढत होता.

झुंबरचे डोळे चमकले. एवढ्या भारी मस्करीला उत्तरही तसंच हवं.

त्यानं कोऱ्या रकान्यात 'महेश' टाईप केलं.

"नको!"

'नोंदवा.'

ओळ पांढरी झाली.

जिन्यातली पावलं मधल्या वळणावर थांबली.

उज्वला धावत बाहेर गेली. जिना रिकामा होता. ती परत आली.

झुंबर स्क्रीनकडे बघून हसत होता. "हे काय गं नवीन? हा महेश कोण?"

ती आत गेली. ओट्यावर तीन कप भरलेले होते.

तिसऱ्यावर तिनं बशी झाकली.