बाईंच्या वाटणीचे चौकोन

त्या रात्री नृसिंहाला काम तसं एवढुसंच होतं. एका घरी वर्तमानपत्र नेऊन द्यायचं. काष्टीच्या पोस्टापासून ते घर चालत दहा मिनिटांवर. सेहेचाळीस साल, डिसेंबरची एकवीस तारीख, शनिवार. अमावस्या दोन दिवसांवर आलेली. साडेदहाची गाडी नुकतीच गेली होती.

आता तुम्ही म्हणाल, रात्री साडेदहाला कोण पेपर वाटतं? सांगतो. आपली डाक आज उशिरा आहे. नगरच्या ह्या थंडीत पोत्यांवर पडून डुलक्या घेण्यापेक्षा ऐका. तो कंदील जरा मोठा करा, आणि मध्येमध्ये फिदीफिदी हसायचं नाही. हसलात तर मी आपला घरी जातो, मग उतरवा पोती तुमची तुम्ही.

नृसिंह आणि मी एकाच दिवशी खात्यात लागलो. मी इथे नगरला टपाल निवडायला बसलो, तो फिरत फिरत काष्टीला पोस्टमास्तर झाला. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुन्हा लग्न केलं नाही. पोस्टाच्या मागच्या खोलीत एकटा राहायचा. हाताने भात टाकायचा, अर्धा कच्चा, अर्धा करपलेला. दिवसभर गाव त्याच्या खिडकीत, आणि संध्याकाळी पाचनंतर काळं कुत्रंसुद्धा नाही.

गावात मुंबईचं वर्तमानपत्र एकाच घरी यायचं. सुनीतीबाईंकडे. मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, विधवा, मागे कुणी नाही. नाशिकला एक पुतण्या, तो पत्रापुरता. बाईंचा पेपर एक दिवस शिळा होऊन यायचा, आणि नृसिंह काय करायचा ठाऊक आहे? पेपराभोवती गुंडाळलेली पत्त्याची कागदी पट्टी अलगद सरकवून तो काढायचा, रात्री वाचायचा, पुन्हा पट्टीत घालून सकाळी धाडायचा. दात काढू नका. तुमच्यातलाही एकेक जण करतो, मला सगळं दिसतं.

एकदा त्याला शब्दकोडं सोडवायचा मोह झाला. शिसपेन्सिलने निम्मं भरलं. अर्जुनाचा शंख, देवदत्त, हे त्याला यायचं. पण जात्याच्या दांड्याला काय म्हणतात, ह्यावर गाडी अडली. घरात बाईमाणूस नाही, विचारणार कुणाला? खोडायला रबर नव्हतं, म्हणून पेपर तसाच गेला. दुसऱ्या दिवशी गहिनीनाथ पोस्टमन तो पेपर परत घेऊन आला. "बाईंनी तुमाला दिलाय," म्हणाला. उघडून पाहतो तर उरलेले सगळे चौकोन भरलेले. बारीक, सरळ, शाळेच्या फळ्यावरचं अक्षर. तक्रार नाही, चिठ्ठी नाही. खुंटा!

त्या दिवसापासून निम्मं त्याचं, निम्मं बाईंचं. तीन वर्षं. पुढे पुढे तर पठ्ठ्या येत असलेले शब्दही मुद्दाम सोडायचा, बाईंना आपले चौकोन कमी पडू नयेत म्हणून. आणि ह्या तीन वर्षांत दोघं एक शब्द बोलले नाहीत. कसे बोलणार? ती विधवा, हा बिनबायकोचा. गावाने दोघांनाही फाडून खाल्लं असतं. एकदा बाजारात समोरासमोर आले. त्याने हात जोडले, बाईंनी पदर सारखा केला, झालं. बाईंचा आवाज कसा आहे, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. मला म्हणाला होता, "लेका, जगात मला ओळखणारं तेवढं एकच माणूस आहे."

नऊ डिसेंबरला बाई तापाने गेल्या.

पुतण्या आला, अग्नी दिला, खोलीला कुलूप लावून गेला. बाई गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी पेपर आला. वर्षाची वर्गणी भरलेली, तो येणारच. गहिनीनाथ म्हणाला, "मास्तर, बाई तर गेल्या. यावर मयत लिवा अन् द्या धाडून."

खात्याचा नियम तोच आहे. 'मालक मयत' असे दोन शब्द लिहायचे, शिक्का मारायचा, परत. नृसिंहाने टाक उचलला. आणि लिहवेना. म्हणाला, "उद्या बघू." त्या रात्री सवयीने निम्मं कोडं सोडवलं, पेपर खिडकीपाशी ठेवला, जिथून गहिनीनाथ रोज उचलायचा तिथे. आणि झोपला.

सकाळी बाकीचं भरलेलं होतं.

...तेच अक्षर.

तुम्ही असतात तर बोंबलत स्टेशन गाठलं असतंत. मीही गाठलं असतं. नृसिंह घाबरला नाही. मला म्हणाला, त्या दिवशी तो पोटभर जेवला. भात नीट शिजला होता. त्याने ते तेव्हा कुणाला सांगितलं नाही. रोज निम्मं भरायचं, रोज सकाळी पुरं झालेलं पाहायचं, पट्टीत घालून फळीवर ठेवायचं. फळीवरची चवड वाढत गेली तसा गहिनीनाथ कुरकुरायला लागला. "लई दिस झालं, मास्तर. मेल्या मानसाचं टपाल ठिवून घेऊ नये. तुमी लिवत न्हाई, म्हंजे कागदावर ती बाई अजून जित्तीच हाय की!"

खरं होतं ते. साऱ्या गावाच्या लेखी बाई गेल्या होत्या. पोस्टाच्या लेखी नव्हत्या.

मग एकवीस तारीख आली, आणि नृसिंहाच्या ध्यानात आलं की वर्गणी एकतीसला संपते. दहा दिवस. त्यानंतर पेपर नाही, कोडं नाही, काही नाही. पुन्हा ती खोली आणि तो. त्याने ठरवलं, आज पेपर आपण स्वतः पोचवायचा. आणि एकदा, एकदा तरी बाईंशी बोलायचं.

कंदील घेऊन निघाला. गाव झोपलेलं. बाईंची खोली गावाच्या टोकाला, शेजारी कडब्याची गंज आणि पुढे नुसती शेतं. दाराला पुतण्याचं कुलूप. तसंच होतं. नृसिंहाने खाली बसून दाराखालच्या फटीतून पेपर आत सरकवला. निम्मा आत, निम्मा बाहेर.

थांबला.

पेपर आत ओढला गेला.

हळू. कुणी वयस्क माणूस वाकून घेतं, तसा.

मग पेन्सिलीचा आवाज. खर्र... खर्र... थांबून थांबून. विचार करून लिहिल्यासारखा.

नृसिंह फटीशी तोंड नेऊन बोलला. "बाई, मी नृसिंह. पोस्टातला."

आवाज थांबला.

"मला फार एकटं वाटतं हो, बाई." बोलताना त्याला रडू फुटलं. "तुमच्याशिवाय माझं कुणी नाही."

कंदिलाची वात तेवढी तडतडत होती.

...

मग पुन्हा पेन्सिल. ह्या वेळी थोडकी. एखादी ओळ.

पेपर बाहेर आला. नीट पट्टीत घातलेला. नृसिंहाने उजेडात धरला. कोडं नाही पाहिलं त्याने. पट्टीच पाहिली. घर बदललं की लोक जुना पत्ता खोडून नवा लिहून देतात ना, तसा सुनीतीबाईंनी आपला पत्ता खोडला होता. नाव ठेवलं होतं. खाली लिहिलं होतं, "मार्फत पोस्टमास्तर, काष्टी."

आणि आतून दाराची कडी वाजली.

पळाला. अरे, पळाला! कंदील तिथेच पडला. चप्पल कुठे गेली ठाऊक नाही. पोस्टात शिरून अडसर घातला, दुसरा दिवा लावला. फळीवरचे सगळे पेपर खाली काढले. हातातला धरून अकरा, मधल्या रविवारी डाक नव्हती. टाक बुडवला. जे बारा दिवस लिहवत नव्हतं ते अकरा वेळा लिहिलं. मालक मयत, परत. मालक मयत, परत. शिक्के मारले. थैलीत घातले. तोंड बांधून लाखेची मोहोर केली.

मान वर केली तेव्हा खिडकीबाहेर कुणीतरी उभं होतं.

काच धुरकट. चेहरा दिसत नव्हता. पदर दिसत होता.

ठोठावलं नाही. हाक मारली नाही. बाई तशा रीतीच्या होत्या, बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात शिरणाऱ्या नव्हेत. नुसत्या उभ्या राहिल्या. एक वाजला. दोन. तीन. नृसिंह भिंतीला पाठ लावून बसलेला. दार उघड म्हणत होतं त्याचं मन, आणि हात उचलत नव्हता. पहाटे कोंबडा आरवला, पाहिलं, तर खिडकी मोकळी. सकाळच्या गाडीने त्याने थैली स्वतः चढवली.

हे सगळं त्याने मला जानेवारीत सांगितलं. अकोल्याला बदली मागून घेतली होती, जाताना रात्रभर माझ्याकडे राहिला. भुताला भ्यालो म्हणून रडत नव्हता तो. म्हणाला, "शामकांत, तीन वर्षं मी जिची वाट पाहिली ती दारात आली होती रे. आणि मी आत बसून ती मेली म्हणून लिहीत होतो."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पण एक गोष्ट त्याला सांगितली नाही. अजूनही सांगितलेली नाही, आणि तुमच्यातल्या कुणी अकोल्याला कळवलंत तर माझ्याशी गाठ आहे.

काष्टीची ती थैली बावीस तारखेला इथे मीच उघडली होती. ह्याच टेबलावर. मोहोर शाबूत, दोरा शाबूत. आत अकरा पेपर. अकराही पट्ट्यांवर नृसिंहाच्या शाईतलं "मयत" होतं, आणि त्यावर शिसपेन्सिलीची एक सरळ रेघ मारलेली होती.

खाली बारीक अक्षरात, आपण टपाल दारापर्यंत नेतो, माणूस घरात असतो, पण हात पुढे करत नाही, तेव्हा मारतो तो शेरा.

"घेण्यास नकार."