लपवलेला अर्धा मीटर

धुक्यात दोन पांढऱ्या होड्या शेजारी-शेजारी बांधलेल्या होत्या आणि मी चुकीच्या होडीत भोक पाडलं. चांगलं वाटोळं, अकरा सेंटिमीटरचं. ड्रिल बंद करून भुसा फुंकते तोच मागून आवाज आला.

"भोक सुरेख झालंय. होडी मात्र माझी आहे."

वळून पाहिलं तर भिजलेल्या केसांचा एक तरुण, हातात दुधाची पिशवी. चिडलेला वगैरे नव्हता. उलट वाकून भोकाची कड बोटाने तपासत होता.

"मी… बुजवून देते," मी पुटपुटले.

"बुजवता कशाला? आता यात काय बसवायचं ते सांगा."

तो घड्याळजी होता. घड्याळं दुरुस्त करून घ्यायला कुणी येईना, तेव्हा त्याने दुकान बंद केलं आणि ही जुनी शिडाची होडी घेतली. दक्षिणेला, सहा आठवड्यांच्या वाटेवर, त्याच्या थोरल्या बहिणीचा होड्या बांधायचा कारखाना होता. वारा फिरला की तो तिकडे जाणार — कायमचा. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी मी वाहवत गेले, यात त्याचा काही दोष नाही.

होड्यांवर वेग, दिशा, पाण्याची खोली दाखवणारे पडदे विकायचे आणि बसवून द्यायचे, हा आमचा धंदा. दुकान मामांचं. त्यांनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "भाचीबाई, ड्रिल मारायच्या आधी होडीचं नाव वाचायची पद्धत आहे." मग फर्मावलं, की गिऱ्हाईकाचं समाधान होईपर्यंत पडदे तूच दाखव.

गिऱ्हाईकाचं समाधान व्हायला आठ दिवस लागले.

आठही दिवस बाहेर चिकट, करडी रिपरिप. तो दुपारी यायचा, छत्री दाराशी ठेवायचा आणि काउंटरवर कोपरं टेकून उभा राहायचा.

"हा बघा. टचस्क्रीन. नकाशा, वारा, खोली, सगळं एकातच."

त्याने ओल्या बोटाने पडदा टोचला. पडदा ढिम्म.

"ओल्या बोटांना ओळख देत नाही तो," मी कबूल केलं.

"माझी बोटं आता जन्मभर ओलीच राहणार."

"मग बटणांचा घ्या. आणि मोठा नकोच. शिडावर असताना इंजिन बंद, सगळा भार बॅटरीवर. मोठा पडदा बॅटरी पिऊन टाकतो."

"तुम्ही विकायला बसलाय की परत पाठवायला?"

"तुम्ही घ्यायला येता की टेकायला?"

"टेकायला," तो सरळ म्हणाला. मी खाली वाकून वायरींचा गुंता सोडवायला लागले. गुंता मीच केलेला होता.

नुसत्या आकड्यांचे पडदे त्याला नको होते. "आकडा वाचावा लागतो. काटा नुसता दिसतो… किती झालं आणि किती उरलंय, दोन्ही." शेवटी काटा दाखवणारा एक वाटोळा पडदा ठरला. काळा चष्मा लावून, मान वाकडी करूनही तो नीट दिसत होता. मी पाडलेल्या भोकात तो अचूक बसला. तोवर 'अहो'चं 'अरे' कधी झालं होतं, ते आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

खोलीचं यंत्र लावताना मी जे केलं, ते मात्र मला पक्कं आठवतंय. शिडाच्या होडीच्या पोटाखाली एक जड पातं असतं, त्याला कील म्हणतात. ते पाण्यात किती खोल जातं हे यंत्राला सांगावं लागतं. मग काटा कीलच्या खाली उरलेलं पाणी दाखवतो. त्याची कील दीड मीटर होती. मी दोन लिहिलं. चुकून नाही.

आमच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे. माझ्या बाबांची होडी त्याच्यावर बसून फुटली. बाबा वाचले, पण नंतर ते कायम पाण्याकडे पाठ करूनच बसायचे. याचं तसं होऊ नये, एवढंच माझ्या मनात होतं. काटा अर्धा मीटर कमी दाखवेल, म्हणजे हा उथळात जाणारच नाही. सांगितलं असतं तर त्याने तेवढं मनात मिळवून हिशेब पुरा केला असता. म्हणून सांगितलं नाही.

उधाणाच्या भरतीला तो होडी दांड्याबाहेर नेऊन नांगरणार होता, शिडं तपासायला. जाताना म्हणाला, "शनिवारी सकाळच्या भरतीला आत येतो. दुपारी वारा फिरेल, मग बाहेर थांबता येणार नाही. धक्क्यावर ये."

"हात हलवायला?"

"हात हलवायला… नाहीतर बॅग घेऊन."

पुढचे दिवस मी आईशी भांडले, मामांशी भांडले, स्वतःशी तर सगळ्यात जास्त. शुक्रवारी मामा म्हणाले, "जा. फक्त नाव वाचून चढ." आणि चष्मा पुसायला आत गेले.

शनिवारी मी बॅग घेऊन उभी होते. धक्क्याच्या खांबावरच्या खुणांवरून दांड्यावर किती पाणी आहे ते कळतं. एक मीटर ऐंशी. आता उधाण नव्हतं, बेताचीच भरती, पण त्याच्या दीड मीटरला पुरेशी. धुक्यातून त्याची डोलकाठी दिसली. पुढे आली. थांबली… आणि वळली.

फोन वाजला.

"पाणी नाही गं. काटा शून्याच्या खाली गेला. अजून पुढे आलो तर बसलोच दांड्यावर."

"पाणी आहे," मी म्हणाले. "मी लपवलंय. कील दीडची आहे, मी दोन लिहिली. तीस सेंटिमीटर आहे तुझ्याखाली. ये ना… ये."

पलीकडे त्याने इंजिन मंद केलं.

"का केलंस?"

"भीती वाटली. तू हवा आहेस मला, म्हणून."

"मला सांगायचं तरी."

"हो."

"आणि आत्ता खरं बोलतेयस कशावरून?"

दाखवायला होतं ते एक यंत्र, आणि तेच मी खोटं करून ठेवलं होतं.

"थांब. मी मोजतो," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

त्याने नांगर टाकला, दोरीला वजन बांधलं, दांड्याच्या कडेने तीन ठिकाणी तळ मोजला. सगळं नीट, घड्याळजीसारखं. तास गेला. धुक्यामुळे मोटरबोटवाल्यांनी बोटी काढल्याच नव्हत्या, नाहीतर त्याच्यापर्यंत न्या म्हणून मी कुणाच्याही पाया पडले असते. खांबावरचं पाणी उतरत होतं आणि मानेवर वेगळ्याच दिशेचा गार वारा लागायला लागला होता.

फोन पुन्हा वाजला. "खरं बोललीस," तो म्हणाला. "पहिल्यांदा मोजलं तेव्हा तीस होतं. आता दहा उरलंय. एक लाट आली तर तेही नाही."

"संध्याकाळच्या भरतीपर्यंत—"

"वारा बघ."

मी बघितला होता.

मग मी त्याला एकेक बटण सांगितलं. मेनू. खोली. कील. दोन पुसून दीड. "झालं," तो म्हणाला. नांगराची साखळी वर येताना ऐकू आली.

"बॅग आणली होतीस?"

"हो."

पलीकडे नांगर होडीवर आदळला.

"मी बसने तिकडे आले तर—"

"आत्ता विचारू नकोस." तो म्हणाला. "आत्ता विचारलंस तर हो म्हणेन. आणि उद्या भर समुद्रात त्या काट्याकडे बघून चिडेन. मला जरा वेळ दे."

एकदा त्याच्या वतीने मी परस्पर ठरवलं होतं, तेवढं पुरे झालं. मी विचारलं नाही.

"खोली सांग," म्हटलं.

"चार," तो म्हणाला. "साडेपाच… नऊ…"

रेंज जाईपर्यंत तो काटा वाचत राहिला, आणि मी बॅगेवर बसून रडत रडत प्रत्येक आकड्याला हो, हो म्हणत राहिले.