हिस्केचं पार्सल आणि तीन अनोळखी मेसेज

"थांबा! त्यावर बोट ठेवू नका!"

हिस्के दचकली. रांगेत मागे उभा असलेला उंच तरुण तिच्या खांद्यावरून सरळ तिच्या फोनमध्ये पाहत होता. लोकरीची टोपी, थंडीने लाल झालेलं नाक, आणि डोळे... डोळ्यांकडे तिने मुद्दामच पाहिलं नाही.

"दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावायची रीत आहे का तुमच्याकडे?"

"नाही. पण कुणी डोळ्यांदेखत खड्ड्यात पडत असेल, तर ओरडतोच की माणूस."

बोल्स्वर्दच्या त्या दुकानात पार्सलं घ्यायला अर्धं गाव लोटलं होतं. गेले कित्येक हिवाळे नुसत्या पावसात गेले होते. आता कुठे फ्रीसलंड या डच प्रांतातलं पाणी गोठलं होतं, आणि वारा फिरून सगळं वितळणार असं रेडिओ आत्ताच सांगू लागला होता. हिस्केचे बर्फावर घसरायचे स्केट धार लावायला गेले होते, ते पार्सलने अजून परतले नव्हते. त्यांचीच चौकशी करायला ती आली, आणि नेमका तेव्हाच मेसेज आला : तुमचं पार्सल अडकलं आहे, खालच्या लिंकवर किरकोळ शुल्क भरा.

"दोन युरोसुद्धा मागत नाहीत," ती म्हणाली. "आणि माझं पार्सल खरंच यायचंय!"

"तेच तर. सगळ्यांचंच काही ना काही यायचं असतं. त्यांना दोन युरो नको असतात, तुमच्या बँकेची किल्ली हवी असते. मी भरले होते गेल्या वर्षी. बँकेला फोन करेपर्यंत पगार गेला." तो कान खाजवत हसला. "लिंकला हात लावायचा नाही. पार्सलवाल्यांचं ॲप आपणच उघडायचं, पावतीवरचा नंबर घालून बघायचं. आणि अनोळखी मेसेजला उत्तर न देता... ब्लॉक!"

"आणि अनोळखी माणूस मागून बोलला तर?"

"त्याला नाव विचारायचं," तो म्हणाला, आणि ती विचारायच्या आत पुढे, "योरिट."

"हिस्के." बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. एवढं ऐकूनही सांगून बसलोच की आपण!

काउंटरवरच्या बाईंनी पार्सल नाही म्हणून मान हलवली. हिस्के वळली, तर योरिट गेलेला.

संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर. "हिस्के, तुझं पार्सल माझ्याकडे आहे. ये घ्यायला. योरिट."

नंबर तर दिलाच नव्हता! आणि हे 'तू' कधीपासून? लगेच दुसरा : "स्केट आहेत ना आत?" आणि तिसऱ्यात... लिंक.

म्हणजे चोरच चोरापासून सावध करत होता? पण चोर असा कान खाजवत हसतो? हसत असेल... तसाच हसत असेल. तिने ब्लॉक केलं. मग उगीचच फोन उशीखाली ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

सकाळी तिने त्यानेच सांगितलं तसं केलं. ॲप स्वतः उघडलं, पावतीवरचा नंबर घातला. "शेजाऱ्यांकडे दिलं. घर क्रमांक १४." घरी कुणी नसलं की पार्सलवाले शेजारी ठेवून जातात, त्यात नवल नव्हतं. पण चौदा नंबर तर शरद ऋतूपासून रिकामं होतं...

तिने बेल वाजवली. दारात मोजे घातलेला योरिट.

"तू!"

"मीच. आठ दिवसांपासून इथे राहतो."

"माझा नंबर कुठून मिळाला?"

"पार्सलवर आहे, स्केटना धार लावणाऱ्याच्या शिक्क्याखाली. तुझं नाव वाचलं आणि जिन्यावरच बसलो मी."

"दोन दारं पलीकडे राहते मी! यायला काय झालं होतं?"

"आलो होतो. बेलपर्यंत... परत फिरलो. मेसेज सोपा वाटला."

"आणि वर लिंक पाठवलीस? तू? मला?"

"घराचा नकाशा होता गं तो!" तो ओरडला, आणि मग त्याला उमगलं. "ब्लॉक केलंस?"

"केलं."

"शाब्बास," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

हिस्केला हसू फुटलं, पण डोळे का भरले ते कळेना. "मला वाटलं, तू चोर आहेस. आणि स्केट गेले याचं वाईट वाटायच्या आधी... तू चोर निघालास याचंच वाटत राहिलं."

योरिटने पार्सल पुढे केलं. पण सोडलं नाही. तिनेही ओढलं नाही.

छपरावरून पहिला थेंब पडला.

"दुपारपर्यंतच टिकेल बर्फ," ती म्हणाली. "चल. तुझे स्केट काढ."

"आहेत आजोबांचे. पण..." त्याने चोरट्यासारखं रस्त्याकडे पाहिलं. "मला येत नाही. फ्रीसलंडचा असून. कुणाला सांगू नकोस."

"मग स्वयंपाकघरातली खुर्ची घे."

"खुर्ची ढकलत लहान पोरं शिकतात!"

"घे म्हणते ना."

गावामागच्या उथळ तळ्यावर गर्दी उसळली होती. सहा फुटी योरिट खुर्चीला गच्च धरून वाकून सरकत होता, आणि पोरं मागून टाळ्या पिटत होती. हिस्के त्याच्यासमोर उलटी घसरत गेली. तिने हातमोजे काढले, दोन्ही हात पुढे केले.

"सोड खुर्ची."

"हिस्के, तू... मला फसवणार तर नाहीस?"

"कुणास ठाऊक," ती म्हणाली.

योरिटने खुर्ची सोडली.