सालेसी कुणाचा?

मेलेआने तळ्याकाठच्या उतारावर पालथी पडली होती, हात खांद्यापर्यंत जमिनीत. मालाऊ पक्षी तिथे अंडी पुरून खुशाल निघून जातो, उबवायचं काम डोंगराच्या पोटातल्या आगीवर सोडून. बोटांना अंडं लागतंय न लागतंय तोच वरून माती घसरली, आणि मातीमागून एक माणूस.

"जपून," ती म्हणाली. "पायाखाली आमचं जेवण आहे."

तो एका पायावर थबकला. "मग दुसरा पाय कुठे टेकू?"

"तळ्यात."

तो खरंच तळ्यात जाऊन उभा राहिला, गुडघाभर पाण्यात. मेलेआनेला हसू आवरेना, तिने मान खाली घातली.

शाळेच्या छपरावरचे सौर दिवे दुरुस्त करायला आलेला सालेसी तो हाच.

"कुठला तू?"

"एउआ बेटावरचा. मूळचा इथलाच म्हण. डोंगर फुटला तेव्हा आजीला बोटीने तिकडे नेलं... ती तिकडचीच झाली."

मेलेआनेचं हसू विरलं. तेव्हा सगळं बेटच रिकामं केलं होतं. पुढे बरेच जण परतले, बरेच एउआलाच राहिले. तिच्या आजोबांची धाकटी बहीण सिनीही राहिली. लग्न करून दूरच्या गावी गेली, आणि हळूहळू तिचे निरोप येईनासे झाले. हा तिचाच नातू निघाला तर? इथे नातं कितीही लांबचं निघो, तो भाऊच. भावाशी लग्न सोडाच, साधी थट्टाही करायची नसते.

आजीचं नाव विचारलं की झालं. तिने विचारलं नाही.

सालेसी मात्र रोज काही ना काही निमित्त काढून दारात यायचा. ती अळूच्या पानांत मासे बांधत असली की कुंपणावर बसून राहायचा.

"आज मीठ जास्त पडलंय," एकदा तो म्हणाला.

"अजून शिजलंही नाही."

"तू माझ्याकडे बघत होतीस, तेव्हा पडलं."

तिचे कान तापले. गोड वाटलं, आणि लगेच मनात आलं... भाऊ असेल तर?

मग एका सकाळी बोट दिसली. बेटाला बंदर नाही. काळ्या खडकावरून होडीत उडी मारायची आणि होडीतून बोट गाठायची, तीही समुद्राने जाऊ दिलं तर. सालेसीला हिनेच परतायचं होतं, पुढची बोट कधी येईल ते कुणी सांगत नाही. सालेसीने मेलेआनेच्या आत्याकडे कावाची मुळी पाठवली, पाण्यात कालवून प्यायची, गुंगी आणणारी. निरोप असा, की आज दुपारी बैठक भरवावी, आणि कावा मेलेआनेने वाढावा. अशी बैठक मुलीला मागणी घालायलाच असते, हे शेंबडं पोरही सांगेल.

चटईवर गावातले म्हातारे बसले. आत्या भिंतीशी बसली. बापाच्या बहिणीचा शब्द म्हणजे घरातला शेवटचा शब्द. मेलेआने लाकडी काठवटीत कावा कालवत होती.

"कुणाचा रे तू?" आत्याने विचारलं.

"मातआहो गावच्या सिनीचा नातू."

मेलेआनेच्या हातातली करवंटी काठवटीत पडली. तिच्या आजोबांचं गावही तेच, आणि त्यांच्या बहिणीचं नावही. नेमका तेव्हाच तिचा चुलतभाऊ फेतू आत आला, होड्या तयार असल्याचं सांगून चटईवर बसला. भाऊ-बहीण एकत्र बसले की तिथे कुणीच प्रेमाचं अवाक्षर काढत नाही. सालेसीने मान खाली घातली.

आत्या त्याच्याकडे रोखून पाहत होती. "तुझी आजी इथून गेली ती कशी?"

"पाण्याची फार भीती होती तिला. दोरीने बांधून होडीत उतरवली म्हणे. वाटभर सगळ्यांना शिव्या देत होती."

आत्याचं पोट हलायला लागलं. ती हसत होती. "आमची सिनी होडीला थांबलीच नाही. मासोळीसारखी पोहत बोटीपर्यंत गेली. शिव्या देणारी सिनी खालच्या आळीतली." मग तिने मान वळवली. "फेतू, ऊठ. होड्यांकडे बघून ये."

"आत्ताच तर बघून आलो, आत्या."

"पुन्हा बघ."

फेतू एकदा आत्याकडे, एकदा सालेसीकडे बघून बाहेर पडला. म्हाताऱ्यांनी गालात हसत मांड्या बदलल्या. सालेसी भाऊ असता तर फेतूला उठवायचं कारणच नव्हतं.

मेलेआनेने करवंटी भरली. सालेसीला देताना तिला त्याच्याकडे बघवेना.

"तू आजीचं नाव कधी सांगितलं नाहीस," ती हळूच म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

"भीती वाटायची..."

"मलाही."

बाहेर बोटीचा भोंगा वाजला. आत्या म्हणाली, "आटपा. की बोटीला कावा प्यायला वर बोलावू?"

सालेसीने करवंटी एका दमात रिकामी केली. "घरच्यांना घेऊन येतो. चालेल?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने त्याच्याकडे सरळ, न भिता बघितलं.

"पुढच्या बोटीने ये," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या नको."