उडता शेमला

पहिल्याच भेटीत रामकिसननं विजयमालेच्या डोळ्यांत भुसा टाकला. मुद्दाम नव्हे, पण काही प्रेमं अशीही सुरू होतात, त्याला कोण काय करणार?

ती वाशीमला ललिताबाई मावशीकडे राहायला आली होती आणि जात्याचा खुंटा आणायला फुलचंद सुताराकडे गेली होती. अंगणात शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, पळवायची एक हडकुळी छकडी उभी होती. तिच्यापुढं एक उंच तरुण वाऱ्यावर मूठमूठ भुसा उधळत होता आणि तो कुठं जातो ते टक लावून बघत होता. तेवढ्यात वारा फिरला... आणि भुसा थेट हिच्या तोंडावर.

"आंधळे झाले काय तुमी?"

"मी नाही, आता तू झाली," तो हसला — आणि लगेच घाबरून पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

डोळे धुऊन झाल्यावर तिनं विचारलं, "हे काय येड्यावानी करून राह्यले?"

"वारा पाहून राह्यलो. ह्या समोरच्या फळीपाशी भुसा गिरक्या घेते, पाह्य. म्हणजे वारा तिथंच छकडीले अडवते. औंदा फळी तासून निमुळती करतो. बाजूच्या दांड्या काढून टाकतो. अन् मी बसनार नाही, पालथा पडीन."

"अन् फेटा?"

"त्याचा शेमला कमरेत खोचीन. पाठीवर फडफडला तर तोबी वारा धरते."

"मंग धुळीत मी तुमाले वळखू कशी?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. रामकिसन हातातली मूठ उघडायचीच विसरला.

"तू... येशीन पटाले?"

"येनंच लागते. इंझोरीच्या उकंडरावाची लेक हाय मी."

आता मात्र मूठ आपोआप उघडली. उकंडरावांची जोडी छकडी हाकणाऱ्या मेडशीच्या या धुरकऱ्याला, रामकिसनला, दर साली हरवत आली होती; आणि यंदाचा सगळा डाव यानं त्यांच्याच लेकीपुढं उलगडून ठेवला होता.

"बाबाले सांगशीन काय?"

"पाहीन," ती म्हणाली आणि खुंटा घेऊन निघाली.

सांगितलं नाही. उलट त्यानंतर मावशीच्या घरातलं लाकूडसामान फारच मोडू लागलं. आज पोळपाट, उद्या रवी. ललिताबाईंना सगळं कळत होतं, पण त्यांनी मोडणाऱ्या हातांना कधी अडवलं नाही.

छकडी तयार झाली त्या दिवशी रामकिसन म्हणाला, "जिंकलो तर तुह्या बाबाले मागनं घालतो. हरलेल्या धुरकऱ्याले ते दारातबी उभं करनार नाहीत."

तेव्हापासून विजयमाला आपल्याच घरची जोडी हरावी म्हणून देवाला सांगू लागली. त्या बैलांना तिनं स्वतःच्या हातांनी सरकी चारली होती. लाज वाटत होती, तरी सांगतच होती.

पटाच्या दिवशी ती गाडीत उभी राहून पाहत होती. झेंडा पडला. दोन्ही जोड्या सुटल्या आणि धुळीत दिसेनाशा झाल्या. मग धुळीच्या वर एक लांब लाल शेमला उडताना दिसला. तिला कोण आनंद झाला! आणि दुसऱ्याच क्षणी काळजात चर्र झालं.

"खोचा ना... खोचा!" ती पुटपुटली.

रामकिसन हरला. फक्त बैलाच्या नाकाएवढ्या फरकानं.

लोक गुलाल घेऊन उकंडरावांकडे धावले. रामकिसन बैल सोडून तिच्या गाडीजवळून गेला. मान वर केली. "दिसलो ना?"

तिनं नुसती मान हलवली.

थोड्या वेळानं उकंडराव गाडीशी आले. गुलालानं माखलेले, पण चेहरा विचारात.

"आज छकडी त्याचीच भारी होती. शेमल्यानं खाल्लं त्याले. एवढी अक्कल लावनारा गडी शेमला मोकळा कायले सोडते?" एवढ्यात त्यांचं लेकीकडे लक्ष गेलं. "तुह्या डोळ्यांत काय गेलं वं?"

"भुसा," ती डोळ्यांना पदर लावत म्हणाली.

त्या माळावर भुशाचा कण नव्हता. उकंडरावांनी दूर जाणाऱ्या लाल शेमल्याकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि गाडीच्या चाकाला टेकले.

"जावयाले सांगजो," ते शेवटी म्हणाले, "पुढच्या पटाले शेमला खोचाचा."