गोकुळचं झकास चाललंय

डिंभ्याच्या फाट्यावर सुप्रिया एसटीची वाट बघून वैतागली होती. तेवढ्यात गोकुळ चढावरनं मोटारसायकल ढकलत आला. घामानं निथळत, पण तोंडभर हसत.

"ओ पावणं, पेट्रोल संपलं का?"

"संपू दे की. म्होरं उतार हाय. बसतीस?"

ती बसली. उतारावर वाऱ्यानं तिची ओढणी त्याच्या खांद्यावर गेली... दोघांनीही ती काढली नाही.

ती बागायतदाराची लेक, तो मेंढरंवाल्याचं पोर. तिला कॉलेजसाठी छोटी फिल्म करायची होती. विषय आयताच सापडला! महिनाभर ती मोबाईल घेऊन त्याच्या मागं. धरणातलं जाळं रिकामं आलं— "मासं लाजत्यात, उद्या येतील." कोथिंबीर पावसात सडली— "खत झालं फुकाट." कॅमेरा दिसला की तो केसांवरून हात फिरवायचा, आणि मग कॅमेऱ्याच्या वर, थेट तिच्या डोळ्यांत बघायचा. ती रेकॉर्डिंग बंद करायची विसरायची.

आणि बयेनं काय करावं? फिल्ममध्ये नेमक्या त्या नजरेवर गाढवाचं ओरडणं टाकलं!

गणपतीत मंडळानं पडदा लावून फिल्म दाखवली. गाव पोट धरून हसलं. त्या नजरेला तर शिट्ट्या पडल्या. गोकुळची आई तानूबाई पदर तोंडाला लावून मधूनच उठून गेली. गोकुळ शेवटपर्यंत बसला, टाळ्या वाजवत. सुप्रियाला मान वर करता येईना.

सकाळी ती धरणावर गेली. तो जाळं सोडवत होता.

"लई भारी काढलीस, राव!"

"खोटं बोलू नको. तुझी टर उडवायला काढली मी. ते गाढव... मीच टाकलं."

"कळलं मला." त्याचे हात थांबले. "माझं सोड. आई कालपासनं बोलली न्हाई."

त्यानं जाळं बाजूला ठेवलं.

"का टाकलंस?"

"तू तसं बघायचास— आणि मला आवडायचं. मेंढरंवाल्यावर भाळली म्हणून मैत्रिणी हसतील, म्हणून मीच आधी हसले. हलकटपणा केला मी, गोकुळ."

तो तिच्याकडं वळला.

"अजून... आवडतं?"

"हो. चल, तुझ्या आईसमोर सांगते. सगळं. गाढवासकट."

"आई लई बोलंल."

"बोलू दे."

"मग च्या टाकंल."

"आणि नाही टाकला तर?"

गोकुळ हसला— जरा उशिरानं, पण हसला.

"तर मी टाकतो. पर तू पळू नगंस."